ट्रॅक्टर काय सांगतो



अक्षरे तुम्हाला आता येऊ लागली आहेत. दुकानाची पाटी वाचता येते. एस.टी.ची पाटी वाचता येते. सात-बाराच्या उताऱ्यावर आपले नाव कुठे आहे, ते बोट ठेवून दाखवता येते. आज आपण एक निराळी पाटी वाचणार आहोत. ती ट्रॅक्टरवर असते. तिच्यावर अक्षरे थोडी असतात. चित्रे आणि काटे जास्त असतात.

गावात आता बैलजोडीपेक्षा ट्रॅक्टर जास्त दिसतो. ज्याचा स्वतःचा नाही, तो भाड्याने आणतो. नांगरट त्यावर, पेरणी त्यावर, मळणी त्यावर. ऊसही त्यावरच कारखान्याला जातो. चालवणारा मुलगा बहुधा कुणाचे तरी बघून शिकलेला असतो. त्याला मामाने शिकवले, मामाला त्याच्या मालकाने शिकवले. गाडीबरोबर मिळालेले पुस्तक ट्रंकेत पडून असते. मुलाला गाडी चालवता येते. पण "हा दिवा का लागला रे?" असे विचारले, तर तो म्हणतो, "तसंच असतंय ते." हे उत्तर आम्हाला पसंत नाही. शाळेतही पसंत नव्हते.

जो चालवतो त्याने हा पाठ वाचावाच. पण जो भाड्याने ट्रॅक्टर आणतो त्यानेही वाचावा. ज्या बाया मळणीला जातात त्यांनीही वाचावा. ट्रॅक्टरने जीव जातो तो काही फक्त चालवणाऱ्याचाच जातो असे नाही.

सगळ्या कंपन्यांच्या गाड्या सारख्या नसतात. एखादी दांडी डाव्या हाताची उजव्या हाताला असेल. तेवढा फरक समजून घ्या.

पायाखाली काय आहे

ट्रॅक्टरवर चढताना तोंड गाडीकडे असावे. हाताने दांडा धरावा. उडी मारून चढू नये आणि उतरताना तर मुळीच उडी मारू नये.

बैठकीवर बसलात की डाव्या पायाखाली क्लच येतो. बैलाचे जू सोडले की बैल मोकळा होतो आणि गाडी जागेवर राहते. क्लच दाबला की तसेच होते. इंजिन चालू राहते, पण त्याचा जोर चाकांना मिळत नाही. गिअर घालताना, काढताना क्लच पूर्ण दाबावा. पुष्कळ गाड्यांत क्लचला दोन टप्पे असतात. अर्धा दाबला की चाके थांबतात. पूर्ण दाबला की मागचा फिरता दांडाही थांबतो. या दांड्याविषयी पुढे बोलू. तुमच्या गाडीला एक टप्पा आहे की दोन, हे आधी विचारून घ्या. काम नसताना क्लचवर पाय ठेवून बसण्याची खोड अनेकांना असते. त्याने क्लचची तबकडी घासते आणि गॅरेजवाल्याची दिवाळी होते.

गिअरच्या बहुधा दोन दांड्या असतात. एका दांडीने पहिला, दुसरा, तिसरा असे गिअर पडतात. दुसरी दांडी गाडी हळू कामाची की जलद कामाची, ते ठरवते. मधली मोकळी जागा ती न्यूट्रल. न्यूट्रलमध्ये चाकांना जोर मिळत नाही.

हाताने रेस द्यायची एक दांडी असते. तिच्याजवळ दोन चित्रे असतात, एक कासवाचे आणि एक सशाचे. कासवाकडे दांडी नेली की इंजिन मंद होते. सशाकडे नेली की जोरात पळते. जगात पुष्कळ देशांत शेतीच्या यंत्रांवर हीच दोन चित्रे असतात. गोष्टीत कासव जिंकले होते. येथे मळणीला ससा लागतो आणि उतारावर कासव. उजव्या पायानेही रेस देता येते. रस्त्यावर चालताना पायाची रेस वापरावी, हाताची कासवावर ठेवावी. म्हणजे पाय उचलताच गाडी मंद होते.

आणखी एक लहान पायदळ खाली टाचेजवळ असते. एक चाक चिखलात गरगर फिरते आणि दुसरे कोरड्यावर गप्प उभे राहते, असे तुम्ही पाहिले असेल. हे पायदळ दाबले की दोन्ही चाके बांधल्यासारखी एकदम फिरतात आणि गाडी निघते. गाडी निघाली की पाय काढावा. पाय तसाच ठेवून वळायला गेलात तर गाडी वळत नाही, सरळ बांधावर जाते.

दोन ब्रेक आणि एक कडी

आता नीट लक्ष द्या. मोटारीला ब्रेकचे पायदळ एक असते. ट्रॅक्टरला दोन असतात. दोन्ही उजव्या पायाशी, शेजारी शेजारी. एक डाव्या मागच्या चाकाचे, एक उजव्या मागच्या चाकाचे.

दोन का? तर शेताच्या टोकाला गाडी थोड्या जागेत वळवावी लागते. डावीकडे वळताना डावा ब्रेक दाबला, की डावे चाक थांबते, उजवे फिरते आणि गाडी जागच्या जागी वळते. बैल वळवताना आतला बैल थोपवून धरतात, बाहेरचा चालू देतात, तसेच हे आहे. शेतात ही सोय फार चांगली.

पण हीच गाडी त्याच ब्रेकांनी डांबरी रस्त्यावर आणली तर काय होईल? ट्रॅक्टर ताशी वीस किलोमीटर वेगाने चालला आहे. समोर एकदम म्हैस आली. पाय ब्रेकवर गेला. पण घाईत तो एकाच पायदळावर पडला. एक चाक जागेवर थांबले, दुसरे पळत राहिले. गाडी त्या बाजूला गर्रकन वळते. मागे भरलेली ट्रॉली असली तर ती तिला आणखी ढकलते. मग गाडी उलटते. चालवणारा म्हणतो, "स्टेरिंग ओढलं गेलं." स्टेरिंग ओढले गेले नव्हते. त्याने एकच ब्रेक दाबला होता.

म्हणून दोन्ही पायदळांना जोडणारी एक लोखंडी कडी गाडीला दिलेली असते. कडी घातली की कुठेही पाय पडला तरी दोन्ही ब्रेक बरोबर लागतात. शेतातून रस्त्यावर येताना गाडी थांबवायची, खाली वाकायचे आणि कडी घालायची. दोन पळांचे काम आहे.

"अहो गुरुजी, शेतात गेल्यावर परत काढायलाच लागते. कोण रोज वाकणार?" असे एका मुलाने आम्हाला विचारले. त्याला आम्ही विचारले, "घराला कुलूप रोज लावतोस ना? सकाळी परत काढायलाच लागते की!" तो हसला. पण त्याच्या गाडीची कडी गंजून एका जागी बसली होती. हातोडीने ठोकल्यावर सुटली. तुमच्या गाडीची कडी फिरते का, ते पाहा. फिरत नसेल तर तेल घाला. तुटलेली असेल तर नवी बसवून घ्या.

कडी घातल्यावर आणखी एक गोष्ट पाहायची. दोन्ही ब्रेक सारखे लागतात का? मोकळ्या, सपाट जागी गाडी हळू चालवून दोन्ही एकदम दाबा. गाडी सरळ थांबली तर ठीक. एका बाजूला ओढली गेली तर मिस्त्रीकडून दोन्ही सारखे करून घ्या.

समोरची फळी

आता मान वर करा. स्टेरिंगच्या पुढे काटे आणि दिवे असलेली फळी दिसते. तिला डॅशबोर्ड म्हणतात. चाललेल्या इंजिनाच्या पोटात काय चालले आहे, हे आपल्याला दिसत नाही. ही फळी ते दाखवते.

किल्ली फिरवली आणि इंजिन अजून चालू केले नाही, तेव्हा दोन लाल दिवे लागले पाहिजेत. एकावर तेलाच्या बुधलीचे चित्र असते. बुधलीच्या तोंडाला एक थेंब लोंबत असतो. दुसऱ्यावर बॅटरीचे चित्र असते. एक चौकोन, आणि त्यात अधिक व उणे या खुणा. गणितात शिकलात त्याच त्या खुणा.

हे दिवे आधी लागणे चांगले. दिवा जिवंत आहे, एवढे त्यावरून कळते. किल्ली फिरवूनही दिवा लागला नाही तर त्याचा बल्ब गेला असेल. मग पुढे संकट आले तरी तो कसा सांगणार? झोपलेल्या राखणदाराचा काय उपयोग?

इंजिन चालू झाले की थोड्याच वेळात दोन्ही दिवे विझले पाहिजेत.

काम चालू असताना तेलाच्या बुधलीचा दिवा लागला, तर इंजिन तिथल्या तिथे बंद करा. "एवढं तास संपवतो आणि बघतो" असे म्हणू नका. तेलाचा दाब गेला आहे, असे तो दिवा सांगतो. इंजिनात लोखंडावर लोखंड फिरते. मधला तेलाचा पातळ थर त्यांना वेगळे ठेवतो. तो थर गेला की लोखंड लोखंडाला खाते, आणि त्याला फार वेळ लागत नाही. इंजिन नव्याने बांधायचा खर्च एका लहान शेतकऱ्याचे वर्षभराचे पीक खाऊन टाकतो. म्हणून या एका दिव्यापुढे काम, ऊन, गिऱ्हाईक, काही बघायचे नाही.

बॅटरीचा दिवा लागला तर चार्जिंग होत नाही असे समजा. हा दिवा तेवढा घाईचा नाही, असे पुष्कळ लोक मानतात. ते अर्धेच खरे आहे. पुष्कळ गाड्यांत जो पट्टा चार्जिंगचे यंत्र फिरवतो, तोच पट्टा पंखाही फिरवतो आणि पाण्याचा पंपही फिरवतो. पट्टा तुटला तर आधी बॅटरीचा दिवा लागतो. मागून उष्णतेचा काटा चढू लागतो. दिवा आणि काटा दोन्ही मिळून बोलू लागले, तर पट्टा तुटला की काय ते पाहा. इंजिन बंद करून पाहा. चालत्या पट्ट्याजवळ बोट नेऊ नका.

उष्णतेच्या काट्यावर पाण्यात बुडवलेल्या तापमापीचे चित्र असते. हिरव्या पट्ट्यात काटा असला की ठीक. लाल पट्ट्याकडे निघाला की काम थांबवा. मळणीच्या दिवसांत याचे नेहमीचे कारण म्हणजे भुसा. पुढच्या जाळीवर भुसा बसतो, वारा आत जात नाही, पाणी गार होत नाही. अशा वेळी भार काढून इंजिन थोडा वेळ मंद चालू द्यावे, काटा उतरला की बंद करावे आणि जाळी साफ करावी. पट्टा तुटला असेल किंवा पाणी वाहून गेले असेल, तर मात्र लगेच बंद करावे.

तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नका. आतले पाणी दाबाखाली असते. झाकण सैल होताच ते वाफेसह उसळून तोंडावर येते. चेहरा आणि डोळे भाजतात. झाकणाला हात लावता येईल इतके गार होऊ द्या. मग जाड फडके धरून थोडेसे फिरवा, वाफ जाऊ द्या आणि नंतर काढा.

डिझेलचा काटा सगळ्यांना कळतो. पण टाकी कोरडी होईपर्यंत चालवू नये. डिझेल संपले की नळीत हवा शिरते. मग टाकी भरली तरी गाडी चालू होत नाही. हवा काढत बसावे लागते.

गाडी चालू करण्याविषयीही येथेच सांगतो. पुष्कळ ट्रॅक्टरांत क्लच दाबल्याशिवाय किंवा गाडी न्यूट्रलमध्ये असल्याशिवाय स्टार्टर फिरत नाही, अशी योजना असते. ती मुद्दाम केलेली आहे. गिअरमध्ये असलेली गाडी अचानक चालू होऊ नये, हा तिचा हेतू. काही जण ही कटकट म्हणून तारा थेट जोडून घेतात. बॅटरी कमजोर असली की काही जण खाली चाकाजवळ उभे राहून स्टार्टरला पेचकस लावतात. गाडी गिअरमध्ये असली तर इंजिन चालू होताच ती पुढे निघते. आणि मोठे चाक पेचकस धरणाऱ्याच्या अंगावरच येते. गाडी नेहमी बैठकीवर बसूनच चालू करावी. जुन्या बनावटीच्या डिझेल गाड्या किल्ली फिरवून बंद होत नाहीत. त्यांना एक खुंटी ओढावी लागते. ती खुंटी कुठे आहे, हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला दाखवून ठेवा. उद्या चालवणाराच अडकला तर गाडी बंद कोण करणार?

मागचा फिरता दांडा

ट्रॅक्टरच्या पाठीमागून एक दांडा बाहेर येतो. त्याला पीटीओ म्हणतात. रोटर, मळणी यंत्र, फवारणीचा पंप यांना तो फिरवतो. तो मिनिटाला ५४० वेळा फिरतो, असे ठरलेले माप आहे. इंजिनचा वेग दाखवणाऱ्या काट्याच्या घड्याळावर ५४० ची खूण पुष्कळदा केलेली असते. काटा त्या खुणेवर असला की दांडा बरोबर वेगाने फिरत आहे असे समजावे.

५४० हा आकडा नुसता वाचून सोडू नका. गणित करा. मिनिटाचे सेकंद साठ. ५४० ला ६० ने भागले की ९ येतात. म्हणजे "एक" म्हणेपर्यंत दांडा नऊ वेळा फिरतो. यंत्राला जोडलेल्या दांड्याचा घेर एक वीत धरा. एका फेऱ्यात एक वीत कापड गुंडाळले जाईल. नऊ फेऱ्यांत नऊ विती, म्हणजे साडेचार हात. नऊवारी लुगडे अठरा हात असते. म्हणजे सगळे लुगडे चार सेकंदांत गुंडाळले जाईल.

पण इतकेही लागत नाही. दोन हात पदर गेला की बाई दांड्याला भिडलीच. त्याला अर्धा सेकंदही लागत नाही. तेवढ्या वेळात ओरडताही येत नाही, मग चालवणाऱ्याला कळून तो क्लच दाबणार कधी? हात, केस, डोक्याची कातडी, काय जाईल ते सांगता येत नाही.

म्हणून या दांड्यावर प्लास्टिकचे नळकांडे असते. दांडा आत फिरतो, नळकांडे साखळीने बांधून स्थिर ठेवलेले असते. ट्रॅक्टरच्या बाजूला दांड्यावर एक लोखंडी टोपही असतो. ग्रीस करताना अडचण होते म्हणून लोक नळकांडे काढतात आणि कोपऱ्यात टाकतात. आमचे असे मत आहे की मळणी यंत्र भाड्याने ठरवताना जसा पोत्याचा दर विचारता, तसेच "दांड्यावर झाकण आहे का?" हेही विचारावे. चार घरांनी विचारले की यंत्रवाला झाकण बसवतो.

पदर खोचावा. वेणी वर बांधावी. उपरणे, मफलर, धोतराचा सोगा मोकळा ठेवू नये. फिरत्या दांड्यावरून कुणी उडी मारून पलीकडे जाऊ नये. वळसा घालावा. यंत्रात काही अडकले तर आधी दांडा बंद, मग इंजिन बंद, मग किल्ली खिशात, आणि नंतरच हात घालायचा. किल्ली खिशात का? तुम्ही आत हात घातला असताना दुसरा कुणी "बघू, चालू होतंय का" म्हणून चालू करतो म्हणून.

पुढची चाके उचलली तर

चिखलात ट्रॅक्टर रुतला. मागची चाके फिरेनात. चालवणाऱ्याने रेस वाढवली. कुणीतरी म्हणाले, "चाकाला ओंडका बांधा." ओंडका बांधला, रेस दिली, आणि गाडी पुढून उभी राहिली. ती मागे उलटली.

असे का होते? इंजिनचा जोर कुठे तरी जाणारच. चाक फिरू शकले तर जोर चाक फिरवतो. चाक जाम झाले तर तोच जोर चाकाच्या आसाभोवती गाडी फिरवतो. पुढची चाके वर येतात आणि गाडी पाठीवर पडते. यास दीड सेकंद पुरतो. त्यातला अर्धा वेळ गेल्यावर क्लच दाबूनही गाडी परतत नाही.

म्हणून रुतलेली गाडी आधी उलट गिअरमध्ये मागे काढून पाहावी. निघाली नाही तर दुसऱ्या गाडीने ओढावी. कुठलेही ओझे ओढताना साखळी खालच्या ओढपट्टीलाच बांधावी. आसाला किंवा त्याहून वर बांधू नये. साखळी जितकी वर, तितकी गाडी उलटण्याची भीती जास्त.

पूर्वी नांगर ट्रॅक्टरच्या मागे नुसता साखळीने ओढला जाई. नांगर दगडाला अडकला की ट्रॅक्टर उभा राही. आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसन (१८८४-१९६०) या कारागिराने १९२० नंतरच्या वर्षांत यावर तोड काढली. त्याने नांगर तीन ठिकाणी ट्रॅक्टरला जोडला. दोन खाली, एक वर. नांगर अडकला तर वरची जोडणी पुढे रेटते आणि पुढची चाके जमिनीवर दाबून राहतात. आज आपल्या ट्रॅक्टरच्या मागे जे तीन हात दिसतात, ते यातूनच आले. बैठकीजवळच्या हायड्रोलिकच्या दांडीने हेच हात वर-खाली होतात. उचललेल्या नांगराखाली कुणी बसू नये. तेलाचा दाब सुटला की नांगर खाली येतो.

उलटलेल्या गाडीखाली माणूस सापडू नये म्हणून बैठकीच्या मागे पोलादी कमान बसवतात. स्वीडन देशाने १९५९ साली नव्या ट्रॅक्टरांना कमान सक्तीची केली. नंतर तेथे उलटलेल्या ट्रॅक्टरखाली चिरडून मरणाऱ्यांची संख्या फार उतरली. कमान असेल तर पट्टा बांधावा, म्हणजे माणूस कमानीच्या आतच राहतो. कमान नसेल तर पट्टा बांधू नये, कारण मग गाडीबरोबर खालीच अडकण्याची भीती असते. आपल्याकडे पुष्कळ गाड्यांवर नुसते पत्र्याचे नाहीतर ताडपत्रीचे छत असते. ते ऊन अडवते. गाडीचे वजन ते पेलणार नाही. गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात बनवलेल्या कमानीवरही भरवसा ठेवू नये. ती पारखून घेतलेली नसते.

रस्त्यावर

ताशी वीस किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे साडेपाच मीटर. आपल्या मापाने बारा हात. समोर काही दिसले आणि पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद तरी जातो. तेवढ्यात गाडी बारा हात पुढे गेलेली असते. थांबायला लागते ते अंतर आणखी निराळे. मागे उसाच्या दोन ट्रॉल्या असल्या आणि ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नसला, तर सगळे ओझे एकट्या ट्रॅक्टरला थोपवावे लागते.

घाटात डिझेल वाचवण्यासाठी काही जण गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात. हा वेडेपणा आहे. ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरावे. मग इंजिनच गाडीला धरून ठेवते. उतारावर मध्येच क्लच दाबू नये. उतार सुरू होण्याआधीच गिअर बदलून घ्यावा.

मडगार्डवर माणूस बसवू नये. चालकाने ट्रॅक्टरवर दुसरे माणूस बसवू नये असा नियमच आहे. खड्ड्यात धक्का बसला की मडगार्डवरचा माणूस पुढे घसरतो आणि मोठ्या चाकापुढे पडतो. नातवाला मांडीवर घेऊन फेरी मारणारे आजोबा आम्ही पाहतो. लाड करायला दुसऱ्या पुष्कळ जागा आहेत.

अठरा वर्षांखालच्या मुलाने रस्त्यावर ट्रॅक्टर चालवणे गुन्हा आहे. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. त्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून अशा मुलाने वाहन चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड. "आमचा पोरगा आठवीतच ट्रॅक्टर चालवतो" असे कौतुकाने सांगणाऱ्या बापांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

गळिताच्या हंगामात रात्री ट्रॉल्या चालतात. ट्रॉलीच्या मागे दिवा हवा आणि उजेड पडला की चमकणारी लाल पट्टीही हवी. ऊस मागे लोंबत असतो, त्याने पट्टी झाकली जाते. मागून येणाऱ्या मोटारसायकलीला मग अंधारात उसाची भिंतच लागते. ट्रॉली नादुरुस्त झाली तर रस्त्याच्या कडेला घ्या. चाकाखाली लावलेले दगड निघताना उचला. ते रस्त्यात सोडून जाण्याची चाल फार वाईट आहे. आणि गाणी लावायचीच तर मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू येईल इतकी लहान लावा. अलीकडे गाण्याचा आवाज तीन वस्त्यांना ऐकू जातो, पण चालवणाऱ्याला हॉर्न ऐकू जात नाही.

गाडी उभी करताना

सपाट जागा बघा. नांगर किंवा रोटर जमिनीवर टेकवा. मागचा दांडा बंद करा. गिअर न्यूट्रलला आणा. हँडब्रेक लावा. त्याच्या दिव्यावर गोलात इंग्रजी पी हे अक्षर असते. इंजिन थोडा वेळ कासवावर चालू द्या, मग बंद करा. किल्ली काढून घ्या. अंगणात किल्लीसह उभी असलेली गाडी म्हणजे लहान मुलांना आमंत्रण.

आता एक शेवटचे घड्याळ राहिले. ते वेळ दाखवत नाही. इंजिन किती तास चालले ते दाखवते. मोटारीचे वय किलोमीटरवर मोजतात, ट्रॅक्टरचे तासांवर. यात आकडे ओळीने असतात. पुष्कळ गाड्यांत शेवटचा आकडा वेगळ्या रंगाचा असतो. तो तासाचा दहावा भाग. १२४५ आणि पुढे वेगळ्या रंगात ३ दिसले, तर इंजिन बारा हजार तास चाललेले नाही. ते १२४५ तास आणि वर थोडी मिनिटे चालले आहे.

एक दोन आण्यांच्या वहीसारखी पातळ वही घ्या. तीत तारीख, तासांचा आकडा, भरलेले डिझेल आणि बदललेले तेल लिहा. समजा, मागच्या वेळी तेल बदलले तेव्हा आकडा १०१० होता. तुमच्या गाडीच्या पुस्तकात २५० तासांनी तेल बदला असे लिहिले आहे. १०१० आणि २५० मिळून १२६०. आज आकडा १२४५ आहे. म्हणजे १५ तास उरले. उद्या रोटरचे आठ तासांचे काम आहे, परवा तेवढेच. तर तेलाचा डबा उद्या संध्याकाळपर्यंत घरी आला पाहिजे. हे गणित आता तुम्हाला येते. आज जेवणाआधी गाडीपाशी जा, आकडा वाचा आणि वहीच्या पहिल्या ओळीत लिहा.